उलट्या फिती

थोरल्या साहेबांच्या जावयाच्या हाती एक पुस्तक लागलं, आणि त्याची शिक्षा दोनशे बारा कोटांना झाली.

गोदामांच्या त्या आवारात हे जावई सुरक्षाप्रमुख होऊन आले त्याला वर्ष होत आलं होतं. कागदोपत्री त्यांचं नाव काहीही असो, पाचही फाटकांवरचे पहारेकरी त्यांना जावईबापू म्हणत, आणि तेही त्यांची गाडी वळणाआड गेल्यावर. याआधी त्यांनी उभ्या जन्मात कशावर पहारा केला नव्हता. घरी बसून कंटाळले, म्हणून सासऱ्याने त्यांना तीनशे माणसं खेळायला दिली, असं गणवेशाच्या खोलीतल्या आत्याचं मत होतं. आत्या आपली मतं सुईत दोरा ओवताना स्वतःशीच बोलायची, पण शेजारच्याला ऐकू जाईल इतपत.

आत्या म्हणजे तिथली शिवणकाम करणारी बाई. कधीकाळी तिचा भाचा या आवारात पहारेकरी होता, तो तिला आत्या म्हणे. भाचा दुसरी नोकरी धरून गेला, नाव मागे राहिलं. आता तिच्यापेक्षा चार वर्षांनी मोठे असलेले पहारेकरीसुद्धा तिला आत्याच म्हणत. खोली लांबट होती. एका भिंतीला दोन शिलाई मशिनं, त्यातलं एक लाथ घातल्याशिवाय न चालणारं. खिडकीखाली इस्त्रीचं टेबल, त्यावर जळक्या खुणा, आणि फळीवर बटणांचे, हुकांचे, फितींचे पत्र्याचे डबे. सव्वीस वर्षं ती या खोलीत बसत होती आणि या काळात सहा सुरक्षाप्रमुख तिच्या डोळ्यांदेखत आले आणि गेले. पहिले पाच निदान दारावर टकटक करत.

इथल्या कोटाची एक रीत होती. जाड लोकरीचा निळा कोट नोकरीला लागताना एकदाच मिळे, आणि निवृत्त होताना माणूस तोच कोट घालून घरी जाई. मधल्या काळात अस्तर बदलायचं, कोपरं बदलायची, कोट तोच. दंडावर पिवळ्या फिती असत, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या, टोक खाली. पहिली फीत दहा वर्षं झाल्यावर, दुसरी फाटक सांभाळणाऱ्याला, तिसरी अख्ख्या पाळीची जबाबदारी घेणाऱ्याला. शेवटच्या दिवशी कोटावर जेवढ्या फिती असतील तेवढ्या त्या माणसाच्या. त्यानंतर त्या कोटाला सुई लागत नसे. म्हातारपणी कोणी कोणाच्या घरी गेला, तर आधी खुंटीवरच्या कोटाकडे नजर जाई आणि मग यजमानाकडे.

त्या सोमवारी जावईबापू टकटक न करता आत आले. काखेत जाडजूड पुस्तक, आणि पुस्तकात खूण म्हणून कुठल्याशा समारंभाचं निमंत्रणपत्र.

"आत्या, तुम्ही ज्याला फीत म्हणता त्याला खरा शब्द काय आहे, माहीत आहे का?"

"फीत," आत्या म्हणाली.

"शेवरॉन." त्यांनी पुस्तक इस्त्रीच्या टेबलावर उघडलं, इस्त्री बाजूला सरकवायची तसदी न घेता. "मूळ शब्द फ्रेंच. अर्थ आहे छपराचे वासे. दोन वासे वर एकमेकांना टेकतात, तो आकार. म्हणजे ज्याच्या दंडावर शेवरॉन, तो खालच्या माणसांवरचं छप्पर. केवढा विचार आहे बघा. आणि इथे चाळीस वर्षांत कोणाला सुचलं नाही."

"काय सुचलं नाही?"

"छपराचं टोक कुठे असतं?"

"वर."

"आणि आपल्या फितींचं?"

आत्याने हातातली बाही खाली ठेवली. तिला पुढचं दिसायला लागलं होतं.

"चाळीस वर्षं आपण छप्पर पालथं घालून बसलोय," जावईबापू म्हणाले. "पुढच्या गुरुवारी थोरले साहेब पाहणीला येतायत. तोवर सगळ्या कोटांच्या फिती उलटायच्या. टोक वर. आणि छप्पर म्हटल्यावर ते उंच हवं, म्हणून चार बोटं वर शिवायच्या. हा घ्या कागदी नमुना, मी स्वतः कापलाय."

नमुना एका बाजूला तिरका होता. त्यांच्या वाशांखाली कोणी राहायला गेलं असतं, तर एका कुशीवर निजावं लागलं असतं. आत्याने तो हातात घेतला, कारण पगार घेणाऱ्या माणसाला बरंच काही हातात घ्यावं लागतं. लग्नाआधी ती दुसऱ्या एका ठिकाणी गणवेश शिवत होती. तिथे फितींचं टोक वर होतं. इथे खाली. कुठे वर, कुठे खाली, ज्याचं त्याने ठरवलेलं, आणि कुठेच कोणाच्या डोक्यावर छप्पर कोसळल्याचं तिच्या ऐकिवात नव्हतं.

"साहेब, एक आहे. जुनी फीत काढली की खालचं कापड..."

"ब्रश मारा," जावईबापू म्हणाले आणि निघून गेले. पुस्तक मात्र ठेवून गेले. चित्र पाहून शिवता यावं म्हणून, असं म्हणाले. तिने सव्वीस वर्षांत हजारभर फिती शिवल्या होत्या, आणि आता तिला चित्र मिळालं होतं.

ब्रश मारून ऊन निघत नाही, हे शिवणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. पंधरा-वीस वर्षं उन्हात उभं राहून निळा कोट राखाडीकडे झुकतो. फितीखालचं कापड तेवढं पहिल्या दिवसासारखं गडद राहतं. फीत काढली की तिची सावली तिथेच असते, टोक खाली करून. ती धुतल्याने जात नाही, वाफेने जात नाही आणि सुरक्षाप्रमुखाच्या हुकमाने तर नाहीच. जावईबापूंना हे कळलं असतं, पण त्यासाठी त्यांनी एकदा तरी एखाद्या पहारेकऱ्याच्या बाहीकडे पाहायला हवं होतं. विशेषतः एका.

तो एक म्हणजे दाजी, आत्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

दाजी एक नंबरच्या फाटकावर एकतीस वर्षं होते. तीन फिती, पाळीप्रमुख. मागच्या हिवाळ्यात जावईबापू पहिल्या दिवशी गाडीतून आले, तेव्हा दाजींनी हात आडवा केला आणि पास मागितला. मी कोण आहे माहीत आहे का, असं गाडीतून विचारणा झाली. "नाही, म्हणूनच पास मागतोय," दाजी म्हणाले. ऑफिसातून फोन येईपर्यंत चार मिनिटं गाडी फाटकाबाहेर उभी राहिली. आत कोणालाही पासाशिवाय सोडायचं नाही, हा नियम भिंतीवर लावलेला होता आणि त्याखाली थोरल्या साहेबांचीच सही होती. चौथ्या दिवशी हुकूम निघाला, उद्धट वर्तनाबद्दल एक फीत कमी. ती रिकामी जागा जावईबापूंनी आपल्या ड्रायव्हरला दिली. त्याला नोकरीला लागून सात महिने झाले होते, आणि फाटकाशी त्याचा संबंध त्यातून गाडी घालण्यापुरता होता. त्याला तीनही फिती एका दमात मिळाल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळात शिरताना फणा तरी काढतो. हा मात्र कोट मापाचा होत नाही म्हणून कुरकुरत होता.

दाजींची फीत याच खोलीत उसवली गेली. जावईबापूंना ते समोर व्हायला हवं होतं. ते खिडकीपाशी घड्याळ बघत उभे राहिले. दाजींनी कोट काढला नाही, नुसता हात पुढे केला.

"जपून हं, मेहुणीबाई," ते म्हणाले. "कापडाला भोक पडायला नको."

आत्याने जपून उसवली. एक एक टाका तोडला, फीत ओढून काढली, उरलेले दोरे चिमटीने वेचले. एरवी एखाद्याच्या तुटक्या बटणाबद्दल जेवढं बोलली असती तेवढंही बोलली नाही. संध्याकाळी ती बहिणीकडे गेली. दोघी एकाच इमारतीत राहत, आत्या दुसऱ्या मजल्यावर, ताई पहिल्यावर. तोंडात टाचण्या होत्या गं, ती ताईला म्हणाली, बोलणार कशी? ताईने तिच्याकडे पाहिलं आणि दार लावलं. त्याला अकरा महिने झाले होते. जिन्यात समोरासमोर आल्या की ताई भिंतीकडे बघून उतरायची. उसवलेली फीत आत्याने फेकली नव्हती. ड्रायव्हरला तिने नवी दिली, आणि दाजींची हुकांच्या डब्यात तळाशी ठेवली. कशासाठी, ते तिला सांगता आलं नसतं.

आणि आता दाजी पुढच्या शनिवारी निवृत्त होणार होते. म्हणजे थोरल्या साहेबांची पाहणी गुरुवारी, आणि शनिवारी दाजी तो कोट घालून, दोन फिती आणि तिसरीची सावली घेऊन, कायमचे घरी. पाणी प्यायला आलेला प्रत्येक जण खुंटीकडे बघणार होता. ताईला रोज बघावं लागणार होतं.

आत्याने त्या दुपारी पुस्तक पुढ्यात ओढलं. चित्र बघायला नव्हे, तर माणूस इतका फुगतो कशाने ते बघायला. नोंद पानाच्या शेवटच्या ओळींत होती. शेवरॉन, फ्रेंच, छपराचे वासे. तिथे पान संपत होतं, आणि जावईबापूंचं वाचनही तिथेच संपलेलं होतं, कारण निमंत्रणपत्र तिथेच होतं. आत्याने पान उलटलं.

मागच्या पानावर नोंद पुढे चालू होती. छपराच्या वाशांना तो शब्द मिळाला, तो त्याही आधीच्या लॅटिन शब्दापासून, आणि त्या शब्दाचा अर्थ शेळी. दोन वाशांचा तो बाक शेळीच्या मागच्या पायांसारखा दिसत असावा, असा लिहिणाऱ्याचा अंदाज होता.

आत्या तीनदा वाचून खुर्चीत मागे टेकली. अर्ध्या हळकुंडाने पिवळं होणारे तिने पुष्कळ पाहिले होते, पण या माणसाने पान उलटण्याएवढीही हळद लावून घेतली नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदाच तिला बरं वाटलं.

पुढचे दहा दिवस ती उसवत होती आणि शिवत होती. पाळी संपली की पहारेकरी दहा-दहा जण कोट घेऊन दाराशी रांगेत उभे राहत. "घर फिरलं की घराचे वासेही फिरतात," एक जण म्हणाला, "पण इथे घर आहे तिथंच आणि वासे तेवढे फिरले." आत्या हसली आणि फिती जिथे सांगितल्या तिथे, सांगितल्या तशा शिवत गेली. चार बोटं वर, टोक वर. खाली सावल्या, टोक खाली. प्रत्येक बाहीवर वरून पिवळं छप्पर आणि खालून गडद छप्पर मिळून एक चौकट तयार होत होती, पतंगासारखी. ती लपवायला तिने काहीच केलं नाही. ब्रश मात्र प्रत्येक कोटाला मारला, कारण तसा हुकूम होता.

दाजी आठव्या दिवशी आले. हात पुढे केला, तसाच, कोट न काढता.

"काढा तो," आत्या म्हणाली. "अंगावर ठेवून नाही करणार मी."

दाजींनी कोट काढून दिला आणि स्टुलावर बसले. कोटाशिवाय ते बारीक दिसत. आत्याने दोन फिती उसवल्या. वर शिवल्या दोन. खाली सावल्या तीन. सगळ्यात खालची, अकरा महिने उघडी पडलेली, बाकीच्या दोघींपेक्षा किंचित फिकी झाली होती.

"छप्पर म्हणे," दाजी म्हणाले. "सोमवारी परेडला अर्धा तास तेच. तुम्ही सगळे छप्पर आहात. वरून थंडी पडत होती आणि आम्ही उघड्यावर उभे."

"पुढचं पान नाही वाचलं त्याने," आत्या म्हणाली. आणि तिने त्यांना शेळीचं सांगितलं, मागच्या पायांसकट.

"शेळी?" दाजींनी एकदाच विचारलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते आवाज न करता हसत, फाटकावरच्या नोकरीने लागलेली सवय. डोळ्यांतून पाणी आलं तरी थांबेनात.

"ताईला सांगा," आत्या म्हणाली.

"तूच सांग की."

"ती दार उघडते का?"

दाजींनी डोळे पुसले. "मी तिला हजारदा म्हटलं, बाईने हुकमाचं काम केलं. ती म्हणते, हुकमाचं तुम्ही पण केलंत, पास मागितलात. मग तुमची फीत का गेली आणि हिची नोकरी का राहिली?" ते उठले आणि कोट घालू लागले. "तुझी ताई वकील व्हायची. माझ्या नशिबाला आली."

गुरुवारी कडक ऊन होतं. थंडीतल्या उन्हात कापडाचं काहीही लपत नाही. मोठ्या गोदामापुढच्या पटांगणात सगळे रांगांत उभे राहिले, आणि आत्याला सुईदोरा घेऊन कडेला उभं केलं, कोणाचं बटण तुटलं तर म्हणून. जावईबापूंच्या स्वतःच्या दंडावर चार फिती होत्या. चौथी त्यांनी आपल्या मनाने वाढवली होती, आणि चारही कोऱ्या कापडावर होत्या, सावलीबिवली काही नाही. तशाच ड्रायव्हरच्या तीन.

जावईबापूंनी सगळ्या रांगा एकदम उन्हात पाहिल्या, तेव्हा त्यांना पहिल्यांदा दिसलं. दोनशे बाह्या, दोनशे पतंग. त्यांचा चेहरा उतरला. ते तरातरा आत्याकडे आले.

"हे काय आहे खाली?"

"सावली, साहेब. ब्रश मारला होता."

"मला आधी सांगायचं नाही?"

"सांगत होते," आत्या म्हणाली. "तेव्हाच तर ब्रशचं ठरलं."

पुढे बोलायला वेळ मिळाला नाही, थोरल्या साहेबांची गाडी आली. थोरले साहेब ऐंशीच्या पुढचे. नजर अधू झालेली, पण ते मान्य नसल्यामुळे चष्मा खिशात. वर्षातून एकदा येत, पाच-सहा कोटांच्या बाह्या चिमटीत धरून लोकर बघत, आणि कापड पूर्वीसारखं राहिलं नाही असं म्हणून जात. कापड पूर्वीचंच असे. या घराण्यात बघायची रीतच नव्हती, असं आत्या नंतर म्हणायची. मोठं घर आणि पोकळ वासे.

जावईबापूंनी भाषण केलं. शेवरॉन, फ्रेंच, वासे, छप्पर, खालच्या माणसांवरची सावली. 'सावली' म्हणताना त्यांचा आवाज जरा चिरकला. दाजी पहिल्या रांगेत दुसरे होते. त्यांचे खांदे अगदी थोडे हलत होते. थोरले साहेब ऐकता ऐकता त्यांच्यासमोर आले, त्यांची बाही चिमटीत धरली, डोळ्यांजवळ नेली आणि गडद सावलीवरून अंगठा फिरवला.

"छप्पर ठीक आहे," ते म्हणाले. "पण हे अर्धवट का?"

"काय, साहेब?" जावईबापू म्हणाले.

"ही खालची नक्षी. खुणा करून ठेवल्यात, शिवल्या नाहीत. सगळ्यांच्या तशाच आहेत." त्यांनी पुढचा कोट पाहिला, त्याच्या पुढचा पाहिला. "वरचं शिवलं, खालचं नुसतं आखलं. मी येणार हे माहीत असताना अर्धं काम?"

खरं सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं. साहेब, या खुणा नाहीत, जुन्या फितींच्या सावल्या आहेत. पण मग जुन्या फिती काढल्या कोणी आणि का, हे आलं असतं. पहिल्याच रांगेत दोन फितींखाली तीन सावल्या का, हेही आलं असतं. जावईबापूंनी सासऱ्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"काम चालू आहे, साहेब," ते म्हणाले. "एक-दोन दिवसांत पूर्ण होईल."

आत्याने हे ऐकलं. तिच्या हातात सुई होती, आणि ती सुई तिने पदराला टोचून ठेवली.

"साहेब," ती कडेवरून म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला, सगळ्या रांगांना ऐकू गेला. "मी शिवणारी. एक विचारायचं होतं. जिथे जिथे खूण आहे, तिथे सगळीकडे फीत लावायची का?"

थोरल्या साहेबांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली. "मग काय निम्म्या ठिकाणी लावणार?"

"एखाद्या कोटावर वर दोन आणि खाली तीन खुणा असल्या तर?"

"आत्या," जावईबापू म्हणाले.

"तीन असतील तर तीन," थोरले साहेब म्हणाले. त्यांना या बाईच्या अकलेची कीव आली असावी. "खूण केलीय ती शिवण्यासाठीच ना?"

"आणि ज्याच्या कोटावर खूणच नाही?"

"खूण नाही तिथे कशाला शिवायचं? कापड फुकट आहे का?" ते गाडीकडे वळले. वळता वळता जावयाला म्हणाले, "बाईला बरोबर कळतंय. तूच नीट सांगितलेलं दिसत नाही."

जावईबापूंना पुन्हा सासऱ्याकडे जाऊन, मघाशी मी खोटं बोललो, असं सांगता येणार नव्हतं. ते सांगणारे नव्हतेच. हात दाखवून अवलक्षण करून घेणाऱ्याला निदान हात तरी असतो. यांनी आपला हात सासऱ्याच्या हातात दिलेला होता. गाडी गेल्यावर त्यांनी आत्याला खोलीत गाठलं आणि तुम्ही खाल्ल्या घरचे वासे मोजता, असं सुनावलं. वासे तुम्हीच मोजायला लावलेत, मी नुसते शिवते, असं आत्याने मशिनला लाथ घालता घालता सांगितलं. मशीन सुरू झाल्यावर त्यांचं पुढचं काही ऐकू आलं नाही. टेबलावरचं पुस्तक ते घेऊन गेले. त्यांनी पान अजूनही उलटलं नव्हतं.

दोन दिवस कमी होते. तिने ज्यांची निवृत्ती जवळ आली होती त्यांचे कोट आधी घेतले, म्हणजे एकच. शनिवारी दुपारी तिने दाजींचा कोट पुढ्यात ओढला आणि हुकांच्या डब्याच्या तळातून ती फीत काढली. दोन सावल्यांवर नव्या फिती लावल्या, तिसरीवर ही जुनी हाताने शिवली, मशिनवर नाही. आधीच्याच भोकांतून सुई घातली. वर दोन आणि खाली तीन, एकूण पाच. अख्ख्या आवारात त्या दिवशी एवढ्या फिती कोणाच्याच नव्हत्या, चौथी स्वतः वाढवणाऱ्याच्याही नाहीत. ड्रायव्हरच्या बाहीवर तीन छपरं तशीच अधांतरी लटकत राहिली.

संध्याकाळी दाजी तो कोट घालून फाटकातून बाहेर पडले, तेव्हा त्यांच्या पाळीची माणसं रांगेत उभी होती. शेवटून तिसऱ्या माणसाने अगदी हळू, तोंड न उघडता, शेळीसारखा आवाज काढला. जावईबापूंना तो कौतुकाचा कसलासा प्रकार वाटला असावा, त्यांनी मान डोलावली.

आत्या तासाभराने घरी आली. पहिल्या मजल्यावर ताईचं दार उघडं होतं. आत खुंटीवर कोट होता आणि ताई त्याच्यापुढे उभी होती. ती तिसऱ्या फितीवरून बोट फिरवत होती, टाके बघत होती. लहानपणी आत्याला टाका घालायला तिनेच शिकवलं होतं.

"जुनीच लावलीस," ताई वळून न बघता म्हणाली. अकरा महिन्यांनी.

"हो."

"हे सांगत होते, पटांगणात सगळ्यांसमोर बोललीस."

"विचारलं नुसतं." आत्या उंबऱ्याबाहेर उभी होती. तिला सगळं सांगायचं होतं, जावईबापूंचा उतरलेला चेहरा, सासऱ्याची नजर, पुस्तकाचं पान. इतके दिवस ती हे सगळं ताईसाठी साठवत होती. "अगं, ते दोघेही इतके मठ्ठ, की एकाने खूण म्हटलं आणि दुसऱ्याने..."

"आज तोंडात टाचण्या नव्हत्या?"

"नव्हत्या," आत्या म्हणाली.

"त्या दिवशी किती होत्या?"

"तीन."

"तीन टाचण्या." ताई आता तिच्याकडे वळली होती. ती चिडलेली दिसत नव्हती, आणि तेच आत्याला सहन होईना. "काढून हातात घ्यायला किती वेळ लागतो गं?"

जावईबापूंसाठी, ड्रायव्हरसाठी, थोरल्या साहेबांसाठी आत्याजवळ शब्दांचा तोटा कधीच नव्हता. याला तिच्याकडे एकही नव्हता. ती तशीच उंबऱ्याबाहेर उभी राहिली, ताई आत ये म्हणेपर्यंत.